स्लोला बंद पडणारं बोटीचं इंजिन: रेस वाढवण्याआधी या चुका टाळा

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या जलाशयात बोट मस्त पळते. धक्का जवळ आला, थ्रॉटल सोडला, की आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) दोनदा खोकतं आणि गप्प होतं. वारा असला तर बोट तिथेच आडवी फिरते. मग कुणीतरी स्क्रूड्रायव्हर काढतो, आयडलचा, म्हणजे स्लो चालीचा स्क्रू अर्धा फेरा आवळतो, रेस वाढते आणि इंजिन बंद पडायचं थांबतं. सगळे म्हणतात, झालं काम.

काम झालेलं नसतं, दोष फक्त झाकला जातो. बहुतेक आउटबोर्ड न्यूट्रलमध्ये ७०० ते १००० आरपीएमच्या आसपास चालावीत अशी बनवलेली असतात. नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेत मिळतो. खालच्या गिअरकेसमध्ये दातेरी डॉग क्लच असतो. चारचाकीसारखा पायाने दाबायचा क्लच इथे नाही. रेस चढवून ठेवली की प्रत्येक वेळी गिअर टाकताना ‘खट्’ असा दणका बसतो आणि दात झिजत जातात. कार्बोरेटर साफ करण्याच्या कामापायी गिअरकेस उघडायची पाळी आणणं हा वेडेपणा आहे.

खरं तर ‘रेसला ठीक, स्लोला बंद’ हे लक्षणच बरंच काही सांगून जातं. मोठ्या थ्रॉटलला पेट्रोल कार्बोरेटरच्या मेन जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक पितळी नळीतून) येतं, स्लोला ते पायलट जेटच्या केसाएवढ्या भोकातून येतं. कचरा किंवा चिकट थर बसला तर आधी हेच भोक बुजतं. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी दोन गोष्टी करून पाहा.

इंजिन मरायला लागलं की चोक थोडा ओढा. सावरलं, तर त्याला पेट्रोल कमी पडतंय: पायलट जेट तुंबलंय, नाहीतर कार्बोरेटरच्या मागच्या गॅस्केटमधून जादा हवा आत येतेय. चोकने आणखी गुदमरलं, तर पेट्रोल जास्त होतंय: फ्लोटची (कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल रोखणारी) सुई गळतेय किंवा चोकची पट्टी पूर्ण उघडत नाहीये. दुसरी परीक्षा टाकीतून येणाऱ्या पेट्रोलच्या पाइपावरच्या रबरी फुग्याची. मरणाऱ्या इंजिनला फुगा दाबून पेट्रोल दिल्यावर जीव आला, तर दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे: पंपाचा पडदा फाटलाय, पाइपाच्या जोडातून हवा ओढली जातेय किंवा फिल्टर भरलाय. फुगा आपोआप चपटा झाला असेल, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलाय का ते आधी बघा. ही चूक हास्यास्पद वाटते, पण सराईत माणसांकडूनही होते.

जेट साफ करताना सुई किंवा तार खुपसू नका. पितळ मऊ असतं, भोक किंचित मोठं झालं तरी स्लो पुन्हा नीट बसत नाही. जेट काढा, कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, कॉम्प्रेसरच्या हवेने फुंका, उजेडासमोर धरून आरपार दिसतंय का बघा. बॉडीतल्या बारीक वाटांतूनही हवा मारा. नुसतं जेट चकचकीत करून भागत नाही. आउटबोर्डचा मेकॅनिक नाशकात शोधावा लागेल, पण द्राक्षबागांमधल्या फवारणीच्या पेट्रोल इंजिनांवर हात बसलेला कारागीर कार्बोरेटरचं काम चोख करतो. त्याला फक्त सांगा की मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू काढण्याआधी तो अलगद आत टेकेपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेव. जोर लावून आवळला तर सुईच्या टोकाला खाच पडते.

कचरा येतो कुठून? बहुतेक वेळा शिळ्या पेट्रोलमधून. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळाभर बोट ताडपत्रीखाली, टाकी अर्धी रिकामी, असं ठेवलं की पाणी धरलेलं इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसू शकतं, आणि टाकीतली नळी ओढते ती तळातूनच. दिवाळीनंतर बोट पाण्यात उतरवताना त्याच पेट्रोलमध्ये नवं ओतून चालवणं ही काटकसर परवडत नाही. जुनं काढून टाका.

टू-स्ट्रोक असेल तर तेलाकडे पाहा. ५०:१ मिश्रण म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली तेल. ‘इंजिन सुखात राहील’ म्हणून वर आणखी झाकणभर ओतणारे प्लग काळे करून घेतात. तेल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठीचं हवं. स्कूटरचं टू-टी तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी नसतं. प्रवासी चढेपर्यंत इंजिन स्लोला घरघरत ठेवण्याची सवयही प्लग बुजवते.

समुद्रकिनाऱ्यावरून जुनं इंजिन आणलं असेल तर अजून एक मुद्दा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा विरळ, त्यामुळे किनाऱ्यावर बसवलेलं मिश्रण इथे थोडं रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. एवढ्यासाठी जेट बदलायची सहसा गरज नसते, मिक्श्चरच्या स्क्रूवर काम भागतं.

न्यूट्रलमध्ये छान चालतं आणि गिअर टाकताच बंद पडतं? मग कार्बोरेटर खोलण्याआधी पाण्यातला पंखा (प्रोपेलर) बघा. गोदावरीच्या पात्रात पाणवेली, निर्माल्याच्या पिशव्या, तुटलेल्या जाळ्याचा नायलॉन, काहीही गुंडाळलेलं सापडतं. हात घालण्याआधी इंजिन बंद करून किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढा आणि प्लगच्या कॅप उपटून ठेवा.

घराच्या अंगणात ड्रममध्ये इंजिन बुडवून स्लो लावणाऱ्यांचीही फसगत होते. ड्रममध्ये धूर कोंडतो, तोच कार्बोरेटर ओढतं आणि चांगलं इंजिनही अडखळतं. उलट, पाण्याचा पाइप लावून बाहेर चालवलं तर एक्झॉस्टवर पाण्याचा दाब नसतो, त्यामुळे रेस असते त्यापेक्षा जास्त दिसते. कोरडं तर चालवायचंच नाही. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर थोड्याच वेळात जळतो. शेवटची सेटिंग बोट पाण्यात, मागे पुढे पक्की बांधून, इंजिन गरम झाल्यावर, गिअरमध्ये टाकून करा. मिक्श्चरचा स्क्रू एका वेळी पाव फेरा फिरवा, थोडं थांबा, आवाज ऐका. सगळ्यात सुरळीत जागा सापडली की किंचित रिचकडे ठेवा, नाहीतर थ्रॉटल उघडताना इंजिन दचकतं. आयडलचा स्क्रू फिरवायचा तो त्यानंतर.

फोर-स्ट्रोक ईएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन असलेल्या) इंजिनाला यातलं अर्धं लागू नाही. तिथे स्लो कॉम्प्युटर सांभाळतो. फिल्टर, पेट्रोलमधलं पाणी अडवणारी वाटी आणि प्लग बघा, बाकी सर्व्हिस सेंटरवर सोडा.

एवढं करूनही स्लो बसत नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. दोन सिलिंडरमध्ये मोठी तफावत निघाली किंवा टू-स्ट्रोकच्या क्रँकची सील, रीडच्या (क्रँककेसमध्ये मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या) पट्ट्या गेल्या असतील, तर कार्बोरेटर कितीदाही धुतला तरी फरक पडणार नाही.