मोरचुदापासून टेट्राअमाइन कॉपर सल्फेट कसे बनवावे

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात मोरचूद, म्हणजेच कॉपर सल्फेट, माहीत नाही असं घर शोधूनही सापडायचं नाही. मोरचूद आणि चुना मिळून होणारं बोर्डो मिश्रण फ्रान्सच्या मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८५ साली केवडा या द्राक्षवेलीच्या रोगावरचा उपाय म्हणून मांडलं आणि निफाड-दिंडोरीच्या बागांत ते आजही फवारलं जातं. मोरचुदाच्या द्रावणात चुना पडला की फिकट निळा गाळ तयार होतो. चुना कितीही वाढवला तरी हा गाळ तसाच राहतो. चुन्याऐवजी अमोनिया घाला. आधी तसाच गाळ पडेल, पण आणखी अमोनिया घातला की तो नाहीसा होईल आणि द्रावण गडद जांभळट निळं होईल. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमधला टेट्राअमाइन कॉपर सल्फेट हा कॉम्प्लेक्स (धातूच्या आयनाभोवती दुसरे रेणू बांधले जाऊन होणारं संयुग) म्हणजे हाच फरक. गाळ का विरघळला हे ज्याला कळलं त्याला पुढची कृती पाठ करावी लागत नाही.

तांब्याचा आयन पाण्यात एकटा नसतो, पाण्याचे रेणू त्याला वेढून असतात. अमोनियाच्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते आणि तांब्याशी तिचं बंधन पाण्यापेक्षा कितीतरी घट्ट बसतं. त्यामुळे जवळच्या चार जागांवरून पाणी हटतं आणि तिथे अमोनिया येतो. धातूला असा बांधला जाणारा रेणू म्हणजेच लिगँड. उरलेल्या दोन जागा तांब्यापासून लांब आणि सैल असतात, म्हणून पाण्यातल्या द्रावणात पाचवा-सहावा अमोनिया सहजी बसत नाही. मुक्त तांबं असं कमी होत गेलं की गाळालाही विरघळणं भाग पडतं.

साहित्य: कॉपर सल्फेटचे स्फटिक ५ ग्रॅम, तीव्र अमोनिया द्रावण (२५ टक्के) १२ मिली, रेक्टिफाइड स्पिरिट (म्हणजे तीव्र अल्कोहोल) सुमारे ४० मिली, डिस्टिल्ड वॉटर, बर्फ, १०० मिलीचं बीकर, काचेची कांडी, बुखनर नरसाळं (सपाट, सच्छिद्र तळाचं) आणि त्यातून द्रव ओढून गाळण्यासाठी सक्शन पंप. हातमोजे आणि गॉगल हवेतच.

कॉपर सल्फेट शक्यतो प्रयोगशाळेच्या प्रतीचं घ्या. कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या मोरचुदात बहुधा लोह असतं. त्यानंही प्रयोग होतो, फक्त अमोनिया घातल्यावर तपकिरी कापसासारखे कण तरंगताना दिसतात. ते लोहाचं हायड्रॉक्साइड. अमोनिया कितीही वाढवला तरी ते विरघळत नाही, म्हणून निळं द्रावण आधी गाळून घ्यावं आणि मगच पुढे जावं.

द्रावण

स्फटिक खलबत्त्यात बारीक करा आणि १५ मिली कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. लवकर विरघळावं म्हणून पाणी वाढवण्याचा मोह होतो, तो टाळा. तयार होणारा कॉम्प्लेक्स पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, साधारण तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात १८ ग्रॅमच्या आसपास. जास्तीचं पाणी म्हणजे तितका माल गाळणीतून खाली गेला असं समजा. द्रावण पूर्ण थंड होऊ द्या.

अमोनियाचं काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटातच करायचं. आपल्याकडे प्रॅक्टिकल परीक्षा बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. तापलेल्या खोलीत ठेवलेल्या अमोनियाच्या बाटलीत दाब साठलेला असतो. ती काही वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि मग तोंड स्वतःपासून दूर धरून हळूच बूच सैल करा. याबाबतीत घाई करणाऱ्या विद्यार्थ्याला मी टेबलावरून उठवीन. डोळ्यांत गेलेला तीव्र अमोनिया फार गंभीर इजा करतो.

आता अमोनिया थेंबाथेंबानं घाला आणि ढवळत राहा. इथे घड्याळाकडे पाहू नका, बीकरकडे पाहा. आधी फिकट निळा गढूळपणा येईल, मग कडेनं गडद निळे पट्टे उमटू लागतील आणि शेवटी सगळं द्रावण स्वच्छ होईल. १२ मिली अमोनिया ही गरजेच्या जवळजवळ दुप्पट मात्रा आहे. ती मुद्दाम ठेवलेली आहे, कारण अमोनिया अपुरा पडला तर पुढे स्पिरिट घातल्यावर कॉम्प्लेक्ससोबत फिकट बेसिक सल्फेटही खाली बसतं आणि मग ते वेगळं काढता येत नाही.

स्फटिक

स्पिरिट घालण्याआधी आजूबाजूचे सगळे बर्नर बंद आहेत ना, हे पाहा. बीकर बर्फात ठेवा आणि २५ मिली स्पिरिट कांडीवरून अगदी सावकाश सोडा. पाण्यात स्पिरिट मिसळलं की आयनी क्षाराची विद्राव्यता कोसळते आणि कॉम्प्लेक्स बाहेर पडतो. एकदम ओतलं तर पिठासारखा बारीक साका मिळतो. त्यात मूळ द्रावण अडकून राहतं आणि तो नीट धुताही येत नाही. हळू घातलं तर सुईसारखे चमकदार स्फटिक येतात. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबता येत असेल तर एक सुंदर पद्धत आहे: निळ्या द्रावणावर स्पिरिटचा थर न हलवता तरंगत ठेवायचा आणि बीकर झाकून ठेवायचं. दोन थर एकमेकांत मुरतात तसे सीमेवर लांब सुया वाढतात. तासिकेच्या वेळात हे बसत नाही, पण कॉलेजनं एकदा तरी करू द्यावं असं मला मनापासून वाटतं.

अर्धा तास बर्फात ठेवून सक्शनवर गाळा. धुण्यासाठी पाणी वापरायचं नाही. पहिल्यांदा स्पिरिट आणि तीव्र अमोनिया समभाग मिसळून थोड्या मिश्रणानं धुवा, मग नुसत्या स्पिरिटनं दोनदा.

वाळवताना बरेच जण ओव्हनकडे धावतात आणि तिथेच माल बिघडतो. उष्णतेनं अमोनिया उडून जातो आणि गडद निळा रंग फिकट, हिरवट होतो. फिल्टर पेपरच्या घड्यांमध्ये दाबून खोलीच्या तापमानाला वाळवा आणि लगेच घट्ट बुचाच्या बाटलीत भरा. उघड्यावर ठेवलं तरी अमोनिया हळूहळू निघून जातोच.

उत्पन्न आणि तपासणी

५ ग्रॅम मोरचुदापासून जास्तीत जास्त ४.९२ ग्रॅम कॉम्प्लेक्स मिळू शकतो, कारण दोन्हींचे रेणुभार जवळजवळ सारखे आहेत: २४९.७ आणि २४५.७. तुमच्या वजनकाट्यावर ५.३ ग्रॅम आले तर माल ओला आहे. जर्नलमध्ये १०८ टक्के लिहून पुढे जाण्याऐवजी पुन्हा वाळवा आणि पुन्हा वजन करा.

चिमूटभर स्फटिक पाण्यात विरघळवून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. आम्ल अमोनियाला पकडून नेतं आणि रंग पुन्हा मोरचुदासारखा फिकट होतो. यात बेरियम क्लोराइड घातलं तर पांढरा गाळ पडतो, म्हणजे सल्फेट तांब्याला बांधलेलं नसून बाहेर मोकळं आहे. आल्फ्रेड वेर्नरनं १८९३ मध्ये मांडलेली आतल्या आणि बाहेरच्या कक्षेची कल्पना (ज्या कामासाठी त्याला १९१३ चं नोबेल मिळालं) अशाच साध्या निरीक्षणांवर उभी होती. व्हायवात हे सांगितलंत तर परीक्षक पुढचा प्रश्न आनंदानं विचारतील.

शुद्धता मोजायची तर ०.५ ग्रॅम कॉम्प्लेक्समधल्या तांब्याचं आयोडोमेट्रिक टायट्रेशन करा, म्हणजे तांब्यामुळे पोटॅशियम आयोडाइडमधून सुटणारं आयोडीन थायोसल्फेटनं मोजा. शुद्ध मालाला ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट सुमारे २०.३ मिली लागतं. एक दक्षता मात्र अत्यंत महत्त्वाची आहे. पोटॅशियम आयोडाइड घालण्याआधी द्रावण ॲसेटिक आम्लानं आम्लधर्मी करून घ्या. अमोनिया आणि आयोडीन एकत्र येऊ देऊ नयेत, त्यांच्यापासून नायट्रोजन ट्रायआयोडाइड बनू शकतं आणि ते वाळलं की नुसत्या स्पर्शानंही फुटतं.

उरलेलं निळं पाणी

ते बेसिनमध्ये ओतू नका. तांबं पाण्यातल्या जीवांना विषारी आहे आणि शहराचं सांडपाणी शेवटी गोदावरीच्याच दिशेनं जातं. गाळलेलं द्रावण आणि धुवण एका भांड्यात जमा करा. त्यात स्पिरिट असल्यानं आगीपासून लांब, हूडमध्येच ठेवा. रंग फिकट होईपर्यंत सौम्य सल्फ्युरिक आम्ल घाला, कारण अमोनियात अडकलेलं तांबं सहज सुटत नाही. मग जुने लोखंडी खिळे टाकून ठेवा. खिळ्यांवर तांबूस थर चढत जातो आणि पाण्याचा निळेपणा ओसरतो. बोर्डोत विळ्याचं पातं बुडवून चुना पुरला की नाही हे शेतकरी पाहतात, त्यामागेही हीच अभिक्रिया आहे. सुटलेलं तांबं गाळून वेगळं ठेवा आणि उरलेलं पाणी प्रयोगशाळेच्या टाकाऊ द्रावणांच्या कॅनमध्ये भरा.

हा कॉम्प्लेक्स हाताला बसला की पुढचा म्हणून निकेलचा हेक्साअमाइन घ्या. कृती जवळजवळ हीच आहे, फक्त रंग जांभळा येतो. निकेलची संयुगं कर्करोगाला कारण ठरू शकतात, म्हणून पूड उडू देऊ नका. त्यानंतर पोटॅशियम ट्रायऑक्झॅलेटोफेरेट करा. त्याचे पाचूसारखे हिरवे स्फटिक उजेडात विघटित होतात, तेव्हा ते बीकर काळ्या कागदात गुंडाळूनच थंड करायला ठेवा.