दगड पाण्यात झोपवू नका

कोयत्याचा आणि मासळीच्या सुरीचा कोन वेगळा असतो, धारेची कड उलटली की पातं फिरवायचं, एवढं दगडी चाकावर धार लावायला शिकणाऱ्या तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितो. आयटीआयचा फिटर असूनही दगडी चाकावर माझा हात बसायला तीन पावसाळे गेले. तेव्हा दोन महिन्यांत जमलं नाही म्हणून हातपाय गाळू नका.

मी कुडाळजवळ एका मेस्त्रींकडे शिकलो. वालुकाश्माचं दोन फुटी चाक, खाली पत्र्याची डोण, चाकाचा खालचा काठ पाण्यात. पट्ट्यावर मिनिटाला साधारण ९० फेरे, म्हणजे दगडाचा काठ सेकंदाला तीन मीटरही पळत नाही. बाजारातलं सहा इंची ग्राइंडर २,८५० फेरे घेतं आणि त्याचा काठ सेकंदाला २२ मीटर जातो. दगडावर पातं कोमटसुद्धा होत नाही. ग्राइंडरवर धार निळी पडते, म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं आणि लोहारानं दिलेलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. निळं घासून टाकलं की झालं, असं सांगणारे भेटतील. रंग जातो, मऊपणा तसाच राहतो. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा कोयता असा बिघडवून दिलात तर दोन शहाळी फोडून गिऱ्हाईक परत दारात.

पण मला नडलं ते हे नव्हे.

श्रावणातली संध्याकाळ. वीज गेली, पाऊस थांबेना, मी डोणीतलं पाणी तसंच ठेवून घरी गेलो. सकाळी चाक सुरू केलं, दिसायला काहीच वेगळं नव्हतं. एका मासेवाल्या मावशींची सुरी टेकवली आणि ती प्रत्येक फेऱ्याला एकदा उडायला लागली. टक्, टक्, टक्. मला वाटलं हात हलतोय, म्हणून आणखी दाबली. गाढवपणावर गाढवपणा.

वालुकाश्म पाणी पितो. रात्रभर बुडालेला भाग जडही होतो आणि मऊही. फिरताना जड बाजू हिसका देते, मऊ बाजू भराभर झिजते, आणि तुम्ही दाबलंत की तिथलाच खळगा खोल होतो. दोन दिवसांत माझं चाक अंड्यासारखं झालं. मंद चाक होतं म्हणून एवढ्यावर भागलं. इंग्लंडात शेफील्डला मोठी दगडी चाकं फिरता फिरता फुटून घासणारे कारागीर मेलेले आहेत.

म्हणून काम संपलं की बूच काढा, डोण रिकामी करा, मग चाक पाचेक मिनिटं नुसतं फिरवून पाणी झटकू द्या. सकाळी पाणी भरल्यावरही आधी रिकामं फिरवा, दगड सगळीकडून सारखा भिजला की मगच पातं टेकवा. वीज गेली तरी बूच काढता येतं, त्याला वीज लागत नाही. आणि चाक हातानं फिरवता येतं. जेवायला उठताना? तेव्हाही काढा. पाहुणे आले, फोन आला, तरी आधी बूच.

मेस्त्री आले, चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "रातभर दगड पाण्यात बसवलंस? म्हस आसा काय ती?" झालं. कारण सांगितलं नाही, ते मी नंतर स्वतः जुळवलं. न बोलणारा गुरू थोर असतो हे मला अजून पटत नाही. पहिल्याच दिवशी दोन वाक्यं बोलले असते तर दगड वाचला असता. पण नंतर त्यांनी लोखंडी पाइपाचा तुकडा टेकूवर दाबून धरला आणि तो जरा जरा वळवत दीड दिवसात चाक पुन्हा गोल केलं, ते बघायला मिळालं याचं मोल आहेच. दगड जवळजवळ इंचभर उतरला. मी बाजूला बसून वरून पाणी सोडत होतो, कोपरापर्यंत राखाडी चिखल. हे काम कोरडं कधीच करू नका. या दगडाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. शेफील्डलाच कोरड्या चाकावर जेवणाचे काटे घासणारे तरणेताठे असताना खोकून मेले.

बाकी फुटकळ. आमच्या खाऱ्या हवेत घासलेलं पातं रात्रीत तांबारतं, खोबरेल पुसून ठेवा. आणि आरशासारखी धार दाखवणारे व्हिडिओ बघून भुलू नका. सुरमईचं कातडं बुळबुळीत, त्यावर गुळगुळीत धार घसरते. दगडावरून आलेली किंचित खरखरीत धार पकडते. मासेवाल्यांना तीच हवी असते.

त्या मावशींची सुरी मी नंतर फुकट लावून दिली. खळग्यात उडून तिच्या पोटाला पडलेली खाच काढता काढता पातं बोटभर अरुंद झालं होतं, तरी त्या काही बोलल्या नाहीत. फक्त अजून बाजारात दिसलो की टोपलीआडून हाक येते, "काय रे, म्हस उठली काय?"