वेगळ्या, विचित्र रेकॉर्डी जमवताय? या चुका टाळा

सोलापुरात जुन्या रेकॉर्डी गोळा करणारी नवीन पोरं वाढलीत याचा खरंच आनंद आहे. आणि नुसत्या नाट्यसंगीताच्या नाहीत, तर कागदी, पत्र्याच्या, चित्रवाल्या, उलट्या वाजणाऱ्या अशा रेकॉर्डी शोधतात. पण त्याच त्या चुका बघून जीव तुटतो, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींची दुसरी कॉपी जगात नसते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हातात आली की लगेच लावून बघायची. मंगळवार बाजारात एका पोराला रद्दीच्या ढिगात एक तबकडी मिळाली. काळीभोर, आरशासारखी चमकणारी, लेबलवर निळ्या शाईत हातानं लिहिलेलं 'दादांचं भजन'. छापील काहीच नाही. ही कंपनीची रेकॉर्ड नव्हती, थेट कापलेली लॅकर डिस्क होती, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर आणि त्यात कुणीतरी घरच्या माणसाचा आवाज कोरलेला. पोरानं ती घरी नेऊन चावीच्या भोंग्यावर (ग्रामोफोनवर) लावली, तोही हल्ली नवीन बनवून 'अँटिक' म्हणून विकतात तसला भोंगा. पहिल्यांदा भजन स्वच्छ ऐकू आलं, टाळसुद्धा कळत होते. खूश होऊन घरच्यांना बोलावून परत लावली, तेव्हा आवाज दबका, आणि तिसऱ्यांदा नुसती खरखर. मग मला फोन, "सर, आवाज बसला की ओ." जाऊन बघितलं तर पिनच्या टोकाला केसासारखा काळा धागा गुंडाळलेला आणि रेकॉर्डवर राखाडी पट्टा. तो धागा म्हणजेच ते भजन होतं. परत आणायचा काही उपाय नाही.

असं का होतं ते समजून घ्या. 78 च्या (मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या) लाखेच्या रेकॉर्डीत दगडाची भुकटी घातलेली असते, ती स्टीलच्या पिनला घासून ग्रूव्हच्या (आवाजाच्या खाचेच्या) मापाची करते, म्हणून तर प्रत्येक बाजूला नवीन पिन लावायची. लॅकरमध्ये, व्हिनाइलमध्ये ती भुकटी नसते, मग पिन झिजत नाही, रेकॉर्ड झिजते, आणि वरनं शंभर ग्रॅमच्या पुढचा साउंडबॉक्स, म्हणजे पिन बसते ते भोंग्याचं डोकं. माझी सवय अशी, कुठलीही अनोळखी रेकॉर्ड आधी उजेडात आडवी धरायची आणि मधल्या भोकाची कड भिंगानं बघायची. पत्रा दिसला, किंवा मधल्या भोकाशेजारी आणखी एखादं भोक दिसलं, तर भोंगा बंद. हलका टोनआर्म (सुई धरणारा दांडा), तीन-चार ग्रॅम वजन, आणि पहिल्यांदा वाजवतानाच रेकॉर्डिंग चालू पाहिजे. "आधी एकदा ऐकतो मग रेकॉर्ड करतो" हे मला अजिबात पटत नाही.

लॅकरवर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशीच असते असं नाही. लॅकरमधलं एरंडेल तेल विघटित होऊन फॅटी ॲसिड वर येतं. स्पिरिट लावू नका, लॅकरला पण नाही आणि लाखेला तर नाहीच, लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे आपल्याकडं कुठल्याही पॉलिशवाल्याला माहितीय.

दुसरी चूक, "ही रेकॉर्ड मेली" म्हणून टाकून देणं. पाथे या फ्रेंच कंपनीच्या जुन्या रेकॉर्डींत ग्रूव्ह डावी-उजवीकडं नागमोडी नसतो, खाली-वर असतो. त्यातल्या सुरुवातीच्या तर मधून सुरू होऊन बाहेर जातात. साध्या साउंडबॉक्सवर पुटपुटल्यासारखा आवाज येतो, मग लोक वजन वाढवतात, पिन बदलतात आणि उरलंसुरलं घालवतात. घाई नडते ती इथंच. स्टिरिओ कार्ट्रिजवर (इलेक्ट्रिक प्लेअरच्या सुईच्या डोक्यावर) वाजवा, कॉम्प्युटरवर एक चॅनल उलटा करा, मग दोन्ही मिळवून मोनो करा, गाणं उठून येतं. एडिसनच्या डायमंड डिस्क (1912 ते 1929) पण खाली-वर कापलेल्याच, पाव इंच जाड, वेग मिनिटाला 80 फेरे. तिला पाणी लावायचं नाही, थर सुटतात.

1930 ते 1932 मधल्या 'हिट ऑफ द वीक' नावाच्या अमेरिकन रेकॉर्डी पुठ्ठ्याच्या आहेत, त्यांनाही पाणी नको.

दर वेळी वेगळंच गाणं लागतंय म्हणून रेकॉर्ड खराब समजू नका. 1900 च्या आसपासच्या पझल प्लेटवर एकाच बाजूला शेजारी शेजारी वेगवेगळे ग्रूव्ह आहेत, पिन कुठं पडली त्यावर गाणं ठरतं.

एलपीची सुई 78 ला लावू नका, तिला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागते.

एक्स-रेच्या फिल्मवरच्या रशियन रेकॉर्डी ऑनलाइन घेताय तर जपून, नवीन कापून जुन्या म्हणून विकणारे आहेत.

आता आपल्या गावाचं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, आणि लोक रेकॉर्डी पत्र्याखालच्या माळ्यावर एकावर एक रचून ठेवतात. लाख मऊ पडते आणि सगळा गठ्ठा पराती होऊन बसतो. उभ्या ठेवा, सगळ्यात खालच्या फळीवर, फरशीजवळ. पुण्या-मुंबईहून आणताना मी रात्रीच्या गाडीनंच आणतो, खोक्याला बाहेरून आपली जुनी चादर गुंडाळून.

शेवटचं भावाबद्दल. नॅशनल जिओग्राफिकच्या जानेवारी 1979 च्या अंकात देवमाशांच्या आवाजाची पातळ फ्लेक्सी शीट (वाकणाऱ्या प्लास्टिकची रेकॉर्ड) आली होती. विकणारे तिला दुर्मिळ म्हणून भाव सांगतात, पण त्या तब्बल 1 कोटी 5 लाख छापल्या होत्या. नुसती ठेवली तर घसरते, खाली एखादी टणक एलपी ठेवायची आणि लेबलपाशी एक नाणं. घेण्याआधी अंक उघडून बघा, शीट आत नसेल तर रद्दीच्या भावानंच मागा.