वाईत शूटिंग, दादरला प्रयोग: नव्या असिस्टंट डायरेक्टरसाठी

मराठी चित्रपटाच्या सेटवर पहिल्याच दिवशी मॉनिटरपाशी घुटमळू नका. आधी कुणाचा प्रयोग कधी आणि कुठे आहे ते विचारून घ्या. आपल्याकडे एकाच नटाच्या तारखा मालिका, नाटक आणि चित्रपट यांत वाटलेल्या असतात. मालिकावाले एखादवेळ सांभाळून घेतील, पण प्रयोगाची तिकिटं विकलेली असतात.

समजा, युनिट वाईत आहे आणि रविवारी दुपारी चारचा प्रयोग दादरला शिवाजी मंदिरात. नट तीनला थिएटरवर हवा. खंबाटकी, बोरघाट आणि वाटेतलं खाणं धरून सहा-साडेसहा तास ठेवा. म्हणजे सकाळी साडेआठला गाडी सुटली पाहिजे, त्याचं रविवारचं शूटिंग गेलंच. कॉलशीटवर, म्हणजे दिवसाच्या वेळापत्रकावर, शनिवारी नटाला शूटिंगमधून मोकळं करायची वेळ आकड्यात लिहा आणि ड्रायव्हरलाही सांगा, तो रात्रभर जागा राहिलेला नको.

शनिवारी पावसाने मेणवलीच्या नदीघाटावरचं शूटिंग बंद पाडलं, तर वाड्यातला कव्हर सीन, म्हणजे पावसासाठी राखून ठेवलेला आतला सीन, घ्यायचा, तोही जाणारा नट ज्यात आहे असाच. त्या सीनची प्रॉपर्टी (लागणाऱ्या वस्तू) आणि कपडे टेम्पोत आधीपासून हवेत. हे हमखास विसरतं. भिजलेला कुडता सुकायची वाट बघण्यापेक्षा ड्रेसदादांकडे त्याचे तीन जोड असलेले बरे.

वेळ कमी असेल तर आधी मास्टर (अख्खा सीन एकत्र दिसणारा शॉट) आणि जाणाऱ्या नटाचे क्लोज उरका. समोरच्याचे शॉट तो गेल्यावर डुप्लिकेटच्या खांद्यावरून मिळतात. त्यासाठी जाण्याआधी त्याची डोळ्यांची उंची मोजा, तेवढ्यावर लेन्सशेजारच्या स्टँडला टेप लावा, नाहीतर समोरच्याची नजर चुकते आणि ते एडिटला कळतं. साउंडवाल्यांना त्याचे संवाद वेगळे रेकॉर्ड करायला सांगा. कपडे-केस पुढे जुळावेत म्हणून पुढून, बाजूने, मागून त्याचे फोटो काढा. सीन नंबर आणि कथेतला दिवस फ्रेममध्ये दिसू द्या.

मिशी हा वेगळाच विषय. नाटकात गुळगुळीत, चित्रपटात मिशी, म्हणजे ती स्पिरिट गमने (मेकअपच्या गोंदाने) चिकटवलेली. घामाने ती आधी ओठाच्या कोपऱ्यांपाशी सुटते. वाइडमध्ये, म्हणजे लांबच्या शॉटमध्ये, चालून जाईल, पण क्लोजच्या प्रत्येक टेकआधी ते दोन कोपरे बघा आणि मेकअपदादांना हळूच खुणवा, ओरडून नाही.

पॅकअप रात्री अकराला झालं तर सकाळी सातचा कॉल (सेटवर हजर व्हायची वेळ) लावू नका. लाइटदादांना ट्रक भरायलाच तास-दीड तास लागतो आणि स्पॉटदादांचा चहा कॉलच्या आधी तयार लागतो.