रिपीटर उघडत नाही? हँडीचं सेटिंग बघा

हॅम रेडिओच्या टू-मीटर बँडवरचा रिपीटर म्हणजे हँडीचा (हातातल्या छोट्या रेडिओचा) सिग्नल घेऊन तो पुन्हा जोरात पाठवणारं केंद्र. तो ऐकता ऐकताच बोलतो, म्हणून त्याला दोन फ्रिक्वेन्सी लागतात. एकच अँटेना असेल तर कॅव्हिटी डुप्लेक्सरही (येणारा आणि जाणारा सिग्नल वेगळा ठेवणारा फिल्टर) हवा. तो बिघडला की रिसीव्हर स्वतःच्याच ट्रान्समीटरमुळे बहिरा होतो.

समजा, रिपीटरचं आउटपुट, म्हणजे तो बोलतो ती फ्रिक्वेन्सी, 145.700 मेगाहर्ट्झ आहे. हँडीत तेच भरा, शिफ्ट (आपली बोलायची फ्रिक्वेन्सी वर की खाली) मायनस, ऑफसेट (किती अंतरावर) 0.600. पीटीटी (बोलायचं बटण) दाबल्यावर डिस्प्लेवर 145.100 दिसलंच पाहिजे. मग क्लबने दिलेला सीटीसीएसएस टोन (आवाजासोबत जाणारा खालचा सूर; तो ओळखला तरच रिपीटर उघडतो) एन्कोडला, म्हणजे पाठवायच्या बाजूला, लावा. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं: सगळ्यांचं ऐकू येतं, आपलं कुणालाच जात नाही.

पीटीटी दाबून अर्धा सेकंद थांबा, नाहीतर कॉलसाइनचं (परवान्यावरच्या तुमच्या रेडिओ-नावाचं) पहिलं अक्षर कापलं जातं. सोडल्यावर क्षणभर रिपीटरचा कॅरिअर (आवाजाविना नुसता सिग्नल) ऐकू आला, तर तुम्ही पोचलात. कॅरिअर येतोय पण तुमचा आवाज इतरांना खरखरीत जातोय? पॉवर वाढवण्याआधी खिडकीत जा, अँटेना उभी धरा.