‘ग्रेस’ ऐकायचा तर पहिल्या गाण्यापासून

मिरजेत आमचं तंबोऱ्याचं काम. अण्णा जवारी काढतात, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून जुळवतात, मी तारा चढवतो, तडकलेले भोपळे सांधतो. जेफ बकली या अमेरिकन गायकाचा ‘ग्रेस’ हा अल्बम माझ्याकडे आला तो एका गिऱ्हाइकाकडून. दुरुस्तीचा तंबोरा न्यायला आले तेव्हा सीडी ठेवून गेले. जाताना म्हणाले, “सहावं गाणं ऐक, आणि लक्षात ठेव, हा पोरगा ३० वर्षांचा असताना नदीत बुडून गेला.” मी महिनाभर सहावंच ऐकत राहिलो, आणि प्रत्येक सुरात मला मरणच ऐकू यायचं. बाकीची नऊ गाणी तशीच पडून राहिली. तुमचं तसं होऊ नये.

खाँसाहेबांच्या बाबतीतही आमच्या गावात हेच होतं. १९३७ साली सिंगपेरुमल कोईल स्टेशनच्या फलाटावर किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब गेले, ही गोष्ट त्यांची कबर आहे त्या इथल्या दर्ग्यात आलेला माणूस आधी ऐकतो. त्यांची रेकॉर्ड ऐकायची राहून जाते.

म्हणून आधी तारखा नीट लावून घ्या. हा अल्बम बहुतेक सगळा १९९३ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत रेकॉर्ड झाला. निर्माता अँडी वॉलेस. २३ ऑगस्ट १९९४ ला तो बाजारात आला तेव्हा बकली २७ वर्षांचा होता, आणि मेम्फिसची ती नदी अजून जवळजवळ तीन वर्षं लांब होती. गाणारा माणूस जिवंत आहे, उमेदीत आहे, पहिल्यांदाच पूर्ण बँड घेऊन उभा आहे. हे मनात धरून ऐकायला बसा.

आता आवाजाचं. मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका, बँडमधल्या मिक ग्रोंडालची खर्जातली बास गिटार त्यात सापडतच नाही. साधे वायरवाले इअरफोन चालतील. आधी नववं गाणं, ‘इटर्नल लाइफ’, थोडंसं लावा. ते सगळ्यात दांडगं आहे. ते कानाला सोसेल इतकाच आवाज ठेवा आणि मग पहिल्या गाण्यावर या. पुढे आठव्या गाण्यात तो इतका हळू गातो की आवाज वाढवावासा वाटेल. वाढवू नका. जवारी काढताना अण्णा घोडीजवळ कान नेतात, तार जोरात छेडत नाहीत. तसंच करायचं. ॲपवर मात्र दहा गाण्यांचीच आवृत्ती निवडा. नंतरच्या आवृत्त्यांत आणखी गाणी जोडलेली आहेत, त्यांनी शेवट पुसला जातो. अख्खा अल्बम ५२ मिनिटांच्या आत संपतो.

पहिलं ‘मोजो पिन’. गिटारच्या तारेवर नुसतं बोट टेकवून काढलेले घंटीसारखे स्वर, आणि शब्दांच्या आधी येणारं गुणगुणणं. इथे घाई करू नका, ही आलापीच आहे. हे आणि दुसरं ‘ग्रेस’ त्याने गॅरी लुकस या गिटारवादकाबरोबर बांधलं. ‘ग्रेस’ला मांडीवर सहा मात्रा धरा, दादरा मोजतो तशा. एकदा सम सापडली की ड्रम कितीही आदळले तरी तुम्ही हलत नाही, आणि शेवटी तो वरचा स्वर धरून ठेवतो तेव्हा खाली ताल किती जोरात पळतोय ते कळतं.

हा आवाज आपल्याला परका का वाटत नाही, याचं एक कारण आहे. बकली कव्वालीगायक नुसरत फतेह अली खाँसाहेबांचा वेडा होता. न्यूयॉर्कच्या ‘शिने’ या छोट्या कॅफेत एकटा गिटार घेऊन गायचा, तेव्हा ‘ये जो हल्का हल्का सुरूर है’ चक्क उर्दूत गायलाय त्याने. “नुसरत हा माझा एल्व्हिस,” असं तिथेच म्हणाला. त्यामुळे ‘ग्रेस’मधल्या ताना शोभेला लावलेल्या वाटत नाहीत. स्वर पकडायला तो खालून येतो, थरथरतो, आणि मगच टेकतो.

सहावं ‘हालेलुया’ लेनर्ड कोहेनचं आहे. त्याच्या अगदी सुरुवातीला, गिटारच्याही आधी, एक सोडलेला श्वास ऐकू येतो. तेवढा सापडला तरी त्या दिवशी पुरे.

माझं सगळ्यात आवडतं सातवं, ‘लव्हर, यू शुड हॅव कम ओव्हर’. एकदा दुपारी ते कारखान्यात लावलं होतं. अण्णा कानस घेऊन बसले होते. सुरुवातीला पेटी वाजली आणि त्यांचा हात थांबला.

“पेटी हाय की रं ही. कुणाची?”

म्हटलं, अमेरिकेतल्या पोराची, तोच गातोय.

“भाता हळू सोडतोय बघ. घाई न्हाई त्याला.”

गाणं संपेपर्यंत त्यांनी कानस परत लावली नाही. इंग्रजी त्यांना कळत नाही. उशिरा शहाणपण आलेल्या प्रियकराचं गाणं आहे, एवढंच मी नंतर सांगितलं. तुम्हीही पहिल्या खेपेला शब्द वाचत बसू नका.

शब्द वाचायचेच तर शेवटच्या ‘ड्रीम ब्रदर’चे वाचा. बकलीचे वडील टिम बकली, तेही गायक. ते २८ व्या वर्षी गेले आणि या मुलाला त्यांचा सहवास जवळजवळ मिळालाच नाही. या गाण्यात तो एका मित्राला विनवतो, की माझ्या बापासारखं सोडून जाऊ नकोस. ते कळल्यावर परत लावा आणि तबला शोधा. हो, तबला आहे त्यात, बराच मागे ठेवलेला. मला तो चौथ्या खेपेला सापडला, रात्री साडेअकराला, जंक्शनावरची गाडी निघून गेल्यावर.

आणि ॲपचं आपोआप पुढचं गाणं लावणं आधीच बंद करून ठेवा.