बंद झालेलं मोठं लेगो अवकाशयान सुट्या पार्टमधून उभं करताय? या चुका टाळा

लेगोचं मोठं अवकाशयान एकदा बाजारातून गेलं की त्याच्या सीलबंद खोक्याची किंमत सांगली-मिरजेतल्या पगारदार माणसाला परवडत नाही. पण जुन्या यानांच्या बांधणीच्या पुस्तिका कंपनीच्या साइटवर मोफत मिळतात. रीब्रिकेबल या साइटवर पार्टची पूर्ण यादी असते आणि ब्रिकलिंक या ऑनलाइन बाजारात जगभरातले छोटे विक्रेते तेच पार्ट सुटे विकतात. मग खोक्याच्या मागे न लागता एकेक पार्ट जमवून तेच यान बांधायचं, हा विचार अगदी बरोबर आहे. तरीही बरेच जण अर्ध्यावर अडकतात. त्यांना बांधणी जमत नाही असं नाही. खरेदीचा क्रम उलटा झालेला असतो: सोपं आधी घेतलं आणि अवघड शेवटावर ठेवलं.

उदाहरणाला ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतली दोन यानं घेतो. एक 2007 चं मिलेनियम फाल्कन, क्रमांक 10179, सुमारे 5,200 पार्ट, 84 सेंटिमीटर लांब. दुसरं 2002 चं इम्पीरियल स्टार डिस्ट्रॉयर, क्रमांक 10030, पार्ट 3,096. फाल्कन हवं असेल तर आधी हे ठरवा की तुम्हाला 2007 चंच यान हवं आहे, की त्या आकाराचं एखादं फाल्कन चालेल. कारण 2017 मध्ये त्याच मापाचं, 7,541 पार्टचं नवं फाल्कन आलं, क्रमांक 75192. दुसरं उत्तर असेल तर सुटे पार्ट जमवण्याचा खटाटोप करू नका, पैसे साठवून तेच घ्या. पहिलं उत्तर असेल तर पुढचं वाचा.

साध्या प्लेटपासून खरेदी सुरू करणं

यादी हातात आली की पहिला मोह होतो स्वस्त पार्ट ढिगाने उचलण्याचा. हजारभर प्लेट (चपटे साधे पार्ट) येतात, डबे भरतात, काम पुढे सरकल्यासारखं वाटतं. आणि मग कळतं की उरलेल्या पाच-सहा पार्टची किंमत या सगळ्या ढिगापेक्षा जास्त आहे, किंवा ते कुठल्याच दुकानात पुरेशा संख्येने नाहीत.

10030 मध्ये बाहेरची मोठी पॅनेलं आतल्या सांगाड्याला चुंबकांनी धरलेली असतात. ही चुंबकं म्हणजे लेगोच्या रेल्वेगाड्यांचे डबे जोडणारी चुंबकं. ती ठरलेल्या संख्येने मिळाली नाहीत तर बाकी तीन हजार पार्ट असूनही यानाला कवच चढत नाही. म्हणून यादी आधी किमतीनुसार उतरत्या क्रमाने लावा. ब्रिकलिंकवर प्रत्येक पार्टचा भाव गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष झालेल्या विक्रीवरून दिसतो. तो बघा, विक्रेत्याने लावलेली किंमत नाही. विक्रेता काहीही लावू शकतो, खरा भाव कळतो तो विकल्या गेलेल्या मालावरून.

वरच्या दहा-पंधरा ओळींवर एक अख्खी संध्याकाळ घालवा. प्रत्येकीला विचारा: हा पार्ट बाहेरून दिसतो का? भार उचलतो का? की नुसता छापील, म्हणजे वर नक्षी छापलेला आहे? छापील डिश (वाटीसारखा गोल पार्ट) किंवा पॅनेल कोरं घेऊन त्यावर स्टिकर लावता येतो. फाल्कनसोबतचे पाच छोटे पुतळे तर सरळ बाजूला ठेवा, त्यांच्यावाचून यानाचं काही अडत नाही आणि त्यांचा भाव संग्राहकांनी चढवून ठेवलेला आहे. मात्र दिसणारा किंवा भार घेणारा एकही दुर्मीळ पार्ट मिळणारच नाही असं दिसलं, तर खरेदी तिथेच थांबवा आणि तेवढ्या जागेची बांधणी बदलता येते का ते आधी सोडवा. तोवर साध्या प्लेटवर एक रुपयाही घालू नका.

राखाडी म्हणजे राखाडीच, असं समजणं

अवकाशयानं बहुतेक राखाडी, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते याच रंगात. 2004 च्या सुमाराला लेगोने आपले दोन्ही राखाडी आणि तपकिरी रंग बदलले. जुना फिका राखाडी किंचित पिवळट, उबदार दिसतो. नवा निळसर, थंड. ब्रिकलिंकवर जुना लाइट ग्रे आणि नवा लाइट ब्लुइश ग्रे. कंपनी त्याच नव्या रंगाला मीडियम स्टोन ग्रे म्हणते, म्हणजे एका रंगाची दोन नावं झाली. 2002 चं डिस्ट्रॉयर जुन्या राखाडीतलं, 2007 चं फाल्कन नव्या राखाडीतलं.

स्क्रीनवर हे दोन्ही सारखेच दिसतात. हातात आल्यावरही ट्यूबलाइटखाली फरक पटकन कळत नाही. साडीवर ब्लाउजपीस जुळवताना कापड दुकानाच्या दारात उजेडात नेऊन बघतात, तसेच हे पार्ट दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून बघा. मोठ्या सपाट कवचावर दोन राखाडी मिसळले तर यान ठिगळं लावल्यासारखं दिसतं, आणि ते नंतर दुरुस्त करायचं म्हणजे कवच उकलणं.

याहून वाईट गोंधळ आकड्यांचा. प्रत्येक साइटने रंगांना आपापले क्रमांक दिलेत. रीब्रिकेबलवर जुना फिका राखाडी म्हणजे 7 आणि नवा म्हणजे 71. ब्रिकलिंकवर तेच रंग 9 आणि 86. यादी रीब्रिकेबलवरून थेट ब्रिकलिंकच्या स्वरूपात उतरवली तर बदल आपोआप होतो. पण कुणी ती एक्सेलमध्ये हाताने उतरवून 7 आणि 71 तसेच ठेवले, तर ब्रिकलिंकवर 7 म्हणजे निळा आणि 71 म्हणजे मॅजेंटा. यादी टाकल्यावर पहिल्या वीस ओळींची चित्रं डोळ्यांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता दिलासा देणारी बाजू. मोठ्या यानाच्या पोटात शेकडो पार्ट असे असतात की कवच चढल्यावर ते कुणालाही दिसत नाहीत. तिथे लाल, पिवळा, निळा, ज्याचा भाव कमी तो घ्या. पुस्तिका घेऊन बसा, एकेक पायरी बघा आणि आतल्या पार्टवर पेन्सिलीने खूण करा. हे कंटाळवाणं काम आहे, पण खर्च कमी करणारी याच्याइतकी परिणामकारक दुसरी गोष्ट मला माहीत नाही. एवढंच सांभाळा की फटींतून किंवा इंजिनाच्या बाजूने आतलं जिथे दिसतं, तिथे मूळ रंगच हवा.

क्रमांकांची गल्लत

लेगोच्या पार्टला दोन प्रकारचे क्रमांक असतात. 3023 म्हणजे 1 बाय 2 ची प्लेट, रंग कुठलाही. 4211398 म्हणजे तीच प्लेट नव्या फिक्या राखाडीत. पहिला आकाराचा, दुसरा आकार आणि रंग मिळून. पुस्तिकेच्या शेवटी असलेल्या यादीत दुसरा प्रकार असतो, दुकानं बहुतेक पहिल्यावर चालतात.

शिवाय एकाच आकाराच्या साच्यात काळानुसार फरक झालेत. उदाहरणार्थ 1 बाय 2 ची जाळीदार टाइल (वर उंचवटे नसलेला चपटा पार्ट), 2412. तिचा एक प्रकार खालून खाच असलेला, एक खाच नसलेला. कवचावर लावायला दोन्ही चालतात, तिथे जो मिळेल तो घ्या. पण दात असलेल्या कुलपी बिजागरींच्या बाबतीत असं करू नका. सात दातांच्या आणि नऊ दातांच्या बिजागरी एकसारख्या नाहीत, यादीत आहे तीच घ्या. पॅनेलचा कोन चुकला की शेजारचं पॅनेल बसत नाही.

स्वस्त पार्टच्या मागे वीस दुकानं फिरणं

इथे सांगलीकराचं गणित जर्मनी-अमेरिकेतल्या माणसाच्या गणितापेक्षा वेगळं असतं, आणि परदेशी सल्ले जसेच्या तसे वापरले की फसगत होते. तिकडचा माणूस दहा दुकानांतून दहा छोटी पाकिटं मागवतो, कारण त्याचा देशांतर्गत टपालखर्च कमी असतो. आपल्याकडे प्रत्येक पाकिटाला आंतरराष्ट्रीय टपालखर्च पडतो. वर सीमाशुल्क, आणि ते मालाच्या किमतीवरच नाही तर वाहतूकखर्च धरून काढलं जातं. म्हणून दर पार्टमागे थोडं जास्त द्यावं लागलं तरी चालेल, पण दुकानं कमीत कमी ठेवा. भारतातलेही काही विक्रेते सुटे पार्ट विकतात. साध्या प्लेट, विटा, टेक्निक बीम (भोकं असलेल्या दांड्या) आधी त्यांच्याकडे शोधा.

खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं आणि 2023 च्या अर्थसंकल्पात 70 टक्के. वैयक्तिक वापरासाठी टपालाने येणाऱ्या वस्तूंना वेगळ्या शीर्षकाखालचा दर लागू शकतो आणि तोही अर्थसंकल्पागणिक बदलतो. त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. त्यातच 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणन सक्तीचं झालंय, त्यामुळे खेळणी म्हणून आलेल्या मोठ्या पार्सलवर विचारणा होऊ शकते. ऑर्डर करण्याच्या आठवड्यात चालू दर बघा आणि तो खर्चात धरूनच बजेट मांडा. शुल्क सोडून मांडलेलं बजेट दुसऱ्या पार्सललाच कोलमडतं.

विक्रेत्याला ‘गिफ्ट लिहून पाठवा’ असं सांगू नका. शुल्क न भरता भेट म्हणून माल आणायची सवलत डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली. अपवाद फक्त जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. शिवाय ते खोटं निवेदन आहे. पार्सल अडकलं तर विक्रेताही तुमच्या बाजूने काही करू शकत नाही.

चालणारा मार्ग आहे तो नातेवाइकांचा. सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर, कुठल्याही गावात चौकशी केली तर कुणाची तरी बहीण, भाचा किंवा दीर परदेशात निघतो. तिथल्या पत्त्यावर तिथल्याच दुकानांतून पार्ट मागवा, आणि ते गणपतीला किंवा दिवाळीला येताना बॅगेतून आणू देत. मात्र तेव्हाची सामानाची शुल्कमुक्त मर्यादा बघून घ्या, आणि बिलं सोबत द्यायला सांगा. आपल्या छंदापायी कुणाला विमानतळावर तिष्ठत बसवू नये.

दोन छोट्या गोष्टी. नव्या बँक कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो. आणि कुरिअरने येणाऱ्या पार्सलला ओळखीची कागदपत्रं मागतात, तेव्हा नाव आधार किंवा पॅनवर आहे तसंच द्या.

नकली पार्ट

दिसणाऱ्या, भार नसलेल्या जागी दुसऱ्या कंपनीचे सुसंगत पार्ट चालवून घेणारे लोक आहेत. त्यांना माझा विरोध नाही, रंग जुळत असेल तर. सांगाड्यात मात्र ते घालू नका. स्टडची (पार्टवरच्या गोल उंचवट्याची) पकड मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागावर अवलंबून असते. एक पार्ट सैल असला तर कळत नाही, पन्नास असले की आख्खं यान मध्ये वाकतं.

पार्सल आल्यावर मोजणी टाळणं

विक्रेत्यांच्या चुका होतात, आणि त्या लगेच कळवल्या तर बहुतेक जण भरून देतात. तीन महिन्यांनी कळवल्या तर देत नाहीत. पाचशे प्लेट हाताने मोजू नका. सराफ कट्ट्यावर वापरतात तसा छोटा डिजिटल काटा घ्या, दहा पार्टचं वजन करा, आणि त्यावरून पूर्ण पिशवीची संख्या काढा. एखाद-दुसऱ्याचा फरक पडेल, पण पन्नास कमी असतील तर लगेच कळेल.

वापरलेले पार्ट धुवायचेच. पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको, साबण सौम्य. वाळवताना गच्चीवर उन्हात टाकायची आपली सवय इथे नको. एप्रिल-मे मधलं सांगलीचं ऊन प्लॅस्टिकला सोसत नाही, आणि अतिनील किरणांनी फिका राखाडी पिवळा पडतो. घरात पंख्याखाली जुन्या चादरीवर पसरा. आणि कृष्णाकाठच्या गल्ल्यांत राहत असाल तर डबे तळमजल्यावर ठेवू नका. 2019 च्या पुरानंतर हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

लालसर तपकिरी आणि गडद लाल रंगातले काही वर्षांतले पार्ट ठिसूळ निघतात, दाबताच तडकतात. ते वापरलेले घेण्याऐवजी नवे घ्या, आणि मोजकेच जास्तीचे ठेवा.

बांधताना काही बिघडलं तर

यान उचलल्यावर मधून लवत असेल तर कवच काढण्याआधी सांगाड्यातल्या टेक्निक पिन (बीम जोडणाऱ्या खुंट्या) तपासा. घट्ट फिरणाऱ्या घर्षणाच्या पिनांच्या जागी सहज फिरणाऱ्या गुळगुळीत पिना पडल्या असतील तर चौकट हलते. दोन्हींचे क्रमांक वेगळे आहेत आणि सुट्या खरेदीत ही अदलाबदल सर्रास होते.

पॅनेल बसत नसेल तर बिजागरीचे दात मोजा. चुंबकांचं पॅनेल पुन्हा पुन्हा सुटत असेल तर चुंबकं एकमेकांना ढकलतायत का ते सांगाड्याला लावण्याआधी हातात धरून बघा. पाय वाकडे होत असतील तर यान टेबलावर ठेवूनच पुढचं काम करा, आणि उचलताना कवचाला न धरता खालून चौकटीला दोन्ही हातांनी धरा. दोन माणसं असतील तर उत्तम.

एखादी पायरी पार्ट कमी म्हणून थांबली तर तिथे तात्पुरता वेगळ्या रंगाचा तसाच पार्ट लावा, त्या जागेची नोंद वहीत करा आणि पुढे जा. शेवटी या नोंदी एकत्र करून एकच अखेरची ऑर्डर द्या.